रोतमान माझ्या कोचावर

फोनवरचा आवाज मी पहिल्या शब्दाला ओळखला. सहा वर्षं तो माझ्या डोक्यामागून येत होता, विसरेन कशी?

"माझे थेरपिस्ट फेब्रुवारीत वारले," आनिबाल रोतमान म्हणाले. "तीस वर्षं जात होतो त्यांच्याकडे. आता तुमचं नाव दोघातिघांनी सुचवलं."

आमच्या ब्युनोस आयर्समध्ये थेरपिस्टलाही थेरपिस्ट लागतोच, त्यात कुणाला नवल वाटत नाही. मी त्यांना दुपारी चारची वेळ दिली.

दारात त्यांनी रिवाजाप्रमाणे गालाला गाल लावला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, हातात काठी. माझ्याकडे नीट पाहिलं, पण ओळखलं नाही. एका परीने ओळखणार तरी कसे? तेव्हा मी त्यांची पेशंट, कोचावर आडवी, आणि ते मागच्या खुर्चीत. सहा वर्षं त्यांना माझा भांग तेवढा दिसला, आणि तोही आता पांढरा झालाय. पण दारावर नाव लिहिलेलं आहे. त्यावरूनही काही आठवू नये? हे मला फार लागलं.

त्यांनी माझं काय केलं ते सांगते. माझी आई बाहिया ब्लांकाला एकटी राहायची. एका मंगळवारी मी कोचावर पडून म्हणाले, आई आजारी आहे, बोलावतेय, आजच्या बसने निघते. मागून आवाज आला, "आजारी नक्की कोण आहे, नेलिदा? आई, की तुमची धावत जायची सवय?" आणि लगेच, "आज इथेच थांबू."

भेट अशी मध्येच तोडायची, म्हणजे माणूस आठवडाभर त्या एका वाक्याचा कीस काढत बसतो. मनोविश्लेषणातल्या त्यांच्या पंथाची ही पद्धतच. मीही बसले. वाटलं, केवढं खरं बोलले. गेले नाही. बाराव्या दिवशी आई गेली. शेवटपर्यंत दाराकडे बघत होती, असं शेजारीण म्हणाली. रोतमानांपुढे रडले तर म्हणे, हा राग मुळात तुमचा आईवरचा आहे. त्यांचं चुकलं असं म्हणायची सोयच नव्हती. म्हटलं, तर तोही माझाच आजार.

पुढे मी हाच व्यवसाय शिकले. लोकांचं दुःख हलकं करायला, असं सगळ्यांना सांगते.

सात महिने मी मागच्या खुर्चीत बसून त्यांचं ऐकलं. म्हातारा माझ्या एकेका हुंकारावर जगायला लागला. मग ऑक्टोबरात एकदा म्हणाले, "एक्तोरचा फोन होता. मार देल प्लाताचा माझा भाऊ. यकृत गेलंय त्याचं. ये म्हणतो. लहानपणापासून त्याने हाक मारली की मी धावलोय. उद्या जाऊन येऊ का?"

असल्या प्रश्नाला आम्ही उत्तर देत नाही. मी दिलं.

"आजारी नक्की कोण आहे, आनिबाल? भाऊ, की तुमची धावत जायची सवय?"

ते चक्क हसले. "वा. अगदी नेमकं बोट ठेवलंत."

स्वतःचं वाक्य होतं, आणि त्यांना पत्ता नाही.

"आज इथेच थांबू," मी म्हणाले.

ते गेले नाहीत. एक्तोर रविवारी वारला. पुढच्या भेटीत कोचावर पडून ते हुंदके देऊन रडले. "तुमचा काही दोष नाही, डॉक्टर. मीच करंटा."

"दोष माझाच आहे," मी म्हणाले. "अठ्ठ्याण्णव साली मी दर मंगळवारी तुमच्याकडे यायचे. माझी आई आजारी होती. मागच्या भेटीतलं माझं ते वाक्य तेव्हा तुम्ही मला ऐकवलं होतंत. आई गेली, मी तिथे नव्हते."

कोचावरच्या माणसाने मागे वळून बघायचं नसतं. ते वळले. माझ्या तोंडाकडे कितीतरी वेळ बघत राहिले.

"मला आठवत नाही," ते म्हणाले. "खरंच नाही हो आठवत."

"माहीत आहे. म्हणूनच केलं."

एक्तोरचं मला वाईट वाटलं. त्या बिचाऱ्याने माझं काय घोडं मारलं होतं? रोतमानांचं वाटलं नाही. अजूनही वाटत नाही.

ते उठले, बूट घातले. नाड्यांची गाठ त्यांना जमेना, मी मदत केली नाही. आता तक्रार करतील, माझा परवाना जाईल, जाऊ दे म्हटलं. दारापाशी ते थांबले. काठीवर दोन्ही हात, मान खाली.

"हे सगळं बोलायला मला दुसरं कुणी उरलं नाही," ते म्हणाले. "पुढच्या वेळी येऊ ना?"

"या," मी म्हणाले.