उंबराखाली बंद पडणारं मशीन

त्या सकाळी अख्खी मागची वाडी उंबराखाली लोटली होती. बायका डोक्यावर पदर घेऊन, पोरं बापाच्या खांद्यावर बसून बघत होती. मधोमध जमिनीवर हळदकुंकू वाहिलेलं एक मशीन ठेवलं होतं, आणि त्याच्यापुढे शांतारामबुवा भगत डोळे फिरवत घुमत होता.

राजोडीच्या मागच्या वाडीतून डांबरी रस्त्याला जाणारी पायवाट या उंबराला वळसा घालून जाते. श्रावण सरता सरता तिच्यावर कमरेच्या वर गवत माजतं. २००३ साली ते कापायला वाडीच्या मंडळाला पेट्रोलवर चालणारं मशीन मिळालं. समुद्राकडच्या एका बंगलेवाल्यानं आपलं जुनं देऊन टाकलं होतं: लांब दांडा, एका टोकाला गरगर फिरणारी नायलॉनची दोरी, दुसऱ्या टोकाला छोटंसं इंजिन. मंडळाचा भूपेश ते चालवायचा. त्याच्या अंगणात ते झकास चालायचं, आणि उंबराजवळ आणलं की आचके देऊन बंद पडायचं. एकदा नव्हे, दरवेळी.

"या जाग्याचा राखणदार जागा झालाय!" बुवा गरजला. "मशीन पितं पेट्रोल, राखणदार पितो रगत. दोघांची भूक येगळी! इलायती इंजिनाला आपल्या देवाची भाषा कशी कळनार? ती मला शिकवावी लागते. ऱ्हीम, क्लीम, कारबोरेटरम् फट्!"

असं म्हणून त्यानं तांब्यातलं पेट्रोल मंत्र पुटपुटत टाकीत ओतलं, अगदी काठोकाठ. मग भूपेशला म्हणाला, "ओढ दोरी."

भूपेशनं इंजिन चालू करायची दोरी ओढली आणि ते धडाडलं. लोकांनी हात जोडले. कोणीतरी नारळ फोडला. मशीननं थोडं गवत उडवलं, आणि मग पुन्हा घुटके घेत गप्प झालं.

"आज एवढीच परवानगी," बुवा म्हणाला.

जागृती गर्दीच्या कडेला उभी होती. ती भूपेशची मोठी बहीण, गावच्या शाळेत विज्ञान शिकवायची. तिनं पुढे येऊन टाकीचं झाकण उघडलं.

"बुवा, आत अर्ध्याहून जास्त पेट्रोल आहे. तरी बंद पडलं. म्हणजे इंजिनापर्यंत ते पोचत नाही. उघडून बघायला हवं."

"बाय, तुझं इज्ञान शाळंत," बुवा हसून म्हणाला आणि त्यानं दांड्याला लाल धागा बांधला. "सर्वपित्री अमावास्येपातुर मशीनला कोनी हात लावायचा नाय. आन् या गवतात कोयताबी घालायचा नाय. राखणदार खवळलाय."

"मग वाट? बायकापोरं रोज या गवतातून जातात!"

"तो सांभाळील."

मंडळानं माना डोलावल्या. जागृती पार घरापर्यंत भूपेशशी भांडत गेली, पण तो म्हणाला, "ताई, धागा तोडला आणि कोणाला काही झालं, तर गाव मला धरेल."

वाडीतल्या शेवटच्या घरात धर्मा आणि हंसा राहायची. हंसा रोज सकाळी भाजीची पाटी घेऊन त्याच वाटेनं रस्त्यावर यायची. जागृती चिडलेली बघून तीच तिला समजवायची, "नको भांडू गं बुवाशी. अमावास्या काय, आली म्हन. तवर मी पाय आपटत जाते."

आणि ती खरंच पाय आपटत जायची. पण घोणस पायांच्या आवाजानं हलतेच असं नाही. एका सकाळी गवतात दडलेली एक घोणस उंबराच्या अलीकडे हंसाच्या घोट्याला चावली.

हाक ऐकून आलेल्या धर्मानं बायकोला पाठीवर घेतलं आणि तो धावत सुटला. वाट उंबरापाशी फुटते. एक फाटा रस्त्याला, जिथे गावातल्या ॲन्सेल्मचा टेम्पो रोज सकाळी भाजी भरायला उभा असतो. दुसरा बुवाच्या घराला. धर्मा बुवाकडे वळला.

बुवानं कडुनिंबाचा पाला चघळायला दिला. "कडू लागतोय ना? मंग इष चढलं नाय." जखमेवर अंगारा लावला, पायाला दोरा बांधला, मंत्र म्हटले. हंसाच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा म्हणाला, "हे इष भाएर पडतंय." शाळेत निरोप पोचून जागृती येईपर्यंत हंसाची शुद्ध हरपली होती. ॲन्सेल्मनं भाजी रस्त्यावर ओतून टेम्पो विरारच्या इस्पितळाकडे हाणला. डॉक्टरांनी औषध दिलं, बाटल्यांवर बाटल्या रक्त चढवलं. धर्माला त्यांनी एकच विचारलं, "लगेच का नाही आणलंत?"

हंसा त्या संध्याकाळी गेली.

तिचं दहावं झालं, आणि बुवानं वाडीत निरोप फिरवला: राखणदाराला बळी मिळाला, जागा मोकळी झाली, आता मशीन खुशाल चालवा.

ते ऐकलं तेव्हा जागृती भात वाढत होती. तिनं पातेलं खाली ठेवलं, पडवीत ठेवलेल्या मशीनपाशी गेली आणि लाल धागा दातानं तोडला. भूपेश जवळ आला. मग हळूच म्हणाला, "ताई, एक सांगू? त्या पूजेआधी बुवा एकदा चहाला आला होता. तेव्हा त्यानं मला खोदून खोदून विचारलं होतं, मशीन केव्हा चालतं आणि केव्हा बंद पडतं. मी म्हणालो, टाकी भरून घेतली की थोडा वेळ बरं चालतं."

"आणि हे तू आत्ता सांगतोस?"

भूपेशनं मशीन तिच्यापुढे सरकवलं.

तिनं टाकीतलं पेट्रोल काढून घेतलं, इंजिनाकडचं टोक सोडवलं आणि रबराची बारीक नळी बाहेर ओढली. नळी वाळून काठीसारखी कडक झाली होती. तिचं एक तोंड बोटानं दाबून तिनं ती पाण्याच्या बादलीत बुडवली आणि दुसऱ्या तोंडातून फुंकर मारली. नळीचा जो भाग टाकीत वरच्या अंगाला राहतो, तिथून बुडबुडे आले. पंक्चर निघावं तसे.

दुपारी तुळिंजच्या एका दुकानातून ती नवी नळी घेऊन आली. दुसऱ्या दिवशी रविवार होता. तिनं वाडीला शाळेच्या मैदानात बोलावलं. बुवाही आला.

आधी तिनं सगळ्यांना बादलीतले बुडबुडे दाखवले. "टाकी भरलेली असते तेव्हा ही चीर पेट्रोलात बुडालेली असते. इंजिनाला पेट्रोल मिळतं. पेट्रोल चिरेच्या खाली गेलं, की नळी हवा ओढते आणि इंजिन मरतं. भूपेश अंगणात मशीन चालवून बघायचा, तेवढ्यात पेट्रोल खाली जायचं, आणि तसंच तो ते उंबराकडे न्यायचा. बुवांनी तांब्यानं टाकी काठोकाठ भरली, म्हणून थोडा वेळ चाललं. त्यात मंत्र कुठेच नाही."

नव्या नळीचं टोक तिनं तिरकं कापलं, पेट्रोलात ओलं करून टाकीच्या घट्ट भोकातून आत सारलं, गाळणी अडकवली, दुसरं टोक इंजिनाला बसवलं. सगळे उंबराकडे निघाले. मशीन उंबराखालून पार रस्त्यापर्यंत गवत कापत गेलं.

"चालनारच!" बुवा ओरडला. "बळी घेतला ना त्यानं!"

बायकांनी उंबराला हात जोडले. जागृतीनं तिथेच बसून नवी नळी काढली, जुनी बसवली आणि टाकी अर्धी भरली. इंजिन दोन आचके देऊन बंद पडलं. पुन्हा नवी बसवली; टाकी तेवढीच, आणि मशीन चालू. पुन्हा जुनी, बंद.

"आता काय बुवा? बळी दिला, परत घेतला, पुन्हा दिला?"

एकदोघं हसले. बुवा थुंकला आणि निघून गेला. जागृतीला वाटलं, आपण जिंकलो. तेवढ्यात धर्मा पुढे आला.

"कशापायी दावलंस गं हे?" तो म्हणाला. "राखणदारानं नेली म्हनत होतो, तवर झोप तरी लागत होती. आता म्हनतेस, वीतभर नळीपायी गवत ऱ्हायलं. टेम्पो समोर उभा होता, आन् मी तिला बुवाकडं नेली. मंग मी कोन झालो? सांग."

धर्मा बुवाच्या घराच्या दिशेनं चालू लागला, आणि मागोमाग आणखी काहीजण.

राहिलेल्यांकडे वळून ती म्हणाली, "जागा माणसाला मारत नाही. मशीन बंद पडलं तर उघडून बघा. साप चावला तर कोणाच्याही दारात न थांबता इस्पितळ गाठा. विषावरचं औषध तिथेच मिळतं. आणि माझंही नुसतं ऐकू नका. ही नळी, शाळेत ती बादली. स्वतः बुडवून बघा."

संध्याकाळपर्यंत ती शाळेत थांबली. बादलीपाशी कोणी आलं नाही.