सीतारामची सही

मेघवन या आमच्या वसाहतीच्या कमानीवर पितळी अक्षरांत माझं नाव आहे: संस्थापक, अंबाजी धोंडिबा शेडगे. येता-जाता मी ते वाचायचो आणि, खोटं कशाला बोलू, छाती फुगायची. लोणावळ्यात खोली मिळाली नाही की मुंबई-पुण्याची मंडळी इकडे वळतात. दीडशे बंगले, दोन हॉटेलं, एक तळं. इथे करवंदीच्या जाळ्यांशिवाय काही नव्हतं, असं मी भाषणात ठोकून देतो. साफ खोटं. या माळावरून बौद्धवस्तीची वाट ओढ्याकाठच्या त्यांच्या स्मशानात जायची.

परवा सकाळी त्याच वस्तीतला सीताराम गेल्याचा फोन आला. कान्हे गावच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. माझी गणितं तो सोडवायचा, त्याच्या वाट्याची भांडणं मी करायचो.

मी लगेच गेटवर फोन लावला. "मोठं गेट उघडून ठेव. अंत्ययात्रा इथून जाईल."

पहारेकरी घुटमळला. "साहेब, मयत गेटातून सोडायचं नाही, असा नियम आहे. तुमच्याच सहीचा."

होता. पाहुण्यांचा विरस होतो म्हणून मीच काढला होता. "उघड म्हटलं ना!" मी खेकसलो. चूक माझी आणि राग दुसऱ्यावर, ही माझी जुनी खोड.

वस्तीवर पांढऱ्या कपड्यांतली माणसं जमली होती. सीतारामचा मुलगा सुहास, देहूरोडच्या डेपोत असतो, तो तिरडीची दोरी आवळत होता. मी म्हणालो, "गेट उघडलंय. जुन्या वाटेनं नेऊ."

त्याने वर पाहिलं नाही. "नको, काका. आबांनी सांगून ठेवलंय. म्हणाले, पंचनाम्यावर सही माझी हाय, मला भिताडाला वळसा घालूनच न्या."

वळसा म्हणजे तीन किलोमीटर, तेही ओढ्याच्या दगडगोट्यांतून. बावीस वर्षं वस्तीतलं प्रत्येक मयत तसंच गेलं. मागून कुणीतरी पुटपुटलं, "सही करताना कळलं न्हाई व्हय?"

त्याला नव्हतंच कळलं. जागेच्या पाहणीला सरकारी माणूस आला, तेव्हा पंच म्हणून सीतारामला मीच बोलावलं होतं. बांधाच्या मोजणीचा कागद आहे, असं सांगितलं. तो म्हणाला, "चष्मा घरी राहिला. घिऊन येऊ?" मी म्हणालो, "माझ्यावर भरवसा न्हाई का?" तो हसला आणि त्याने सही केली. कागदावर लिहिलं होतं की या जमिनीतून कुणाचीही वहिवाट नाही.

आता मी गप्प बसलो असतो, तर वस्तीची वाट विकणारा म्हणून तो सरणावर चढला असता. बोललो तर कमानीवरच्या नावाला काळं लागणार होतं. एवढ्या वयात, एवढ्या माणसांत मला त्या नावाचीच काळजी वाटली, याची आधी लाज वाटली. मग मी सगळं सांगितलं. चष्म्यासकट.

कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. सीतारामची बायको चिमाबाई उशाशी बसली होती. ती म्हणाली, "मला म्हाईत हाय, भाऊ. कागद कळला तवाच त्येंनी मला सांगितलं व्हतं."

"मग कुणाला बोलला का नाहीत?"

"त्येच म्हणले, तू बोलू नगंस. अंबाजी सोता यिऊन सांगंल. आपुन सांगितलं तर मैतर चोर ठरंल." तिने डोळे पुसले. "लय वाट बगितली त्येंनी."

"आता तरी गेटातून चला," मी म्हणालो.

"न्हाई. त्येंनी सांगितलंय तसंच न्यायचं."

तिरडी उचलली. मी खांदा द्यायला पुढे झालो, तर सुहास हळूच म्हणाला, "काका, तुम्ही मागून या." मी मागून गेलो. स्वतःची भिंत बाहेरून मी पहिल्यांदाच पाहत होतो. वर लावलेल्या काचा मीच पसंत केल्या होत्या. ओढ्यात दोनदा घसरलो. पुढच्यांना खांद्यावर सीताराम घेऊन तिथूनच जावं लागत होतं.

स्मशानात त्रिशरण सुरू झालं आणि खिशातला फोन थरथरला. पहारेकरी होता.

"साहेब, सकाळपासून गेट उघडं आहे. कुणीच आलं नाही. बंद करू का?"

"राहू दे उघडं," मी म्हणालो. पण आवाज इतका खाली गेला होता की त्याने पुन्हा तेच विचारलं.