खडशी अजून हाय

रावजी मेंगाळच्या हातात पाच वाजेपर्यंतचा वेळ होता. घोटीपलीकडच्या धरणात खडशी मासा अजून आहे, हे तेवढ्या वेळात मत्स्य विभागाच्या वेदिका मॅडमना दाखवायचं होतं. जिवंतच दाखवायचा होता, कारण मेलेला मासा किंवा फोटो दुसरीकडचाही असू शकतो. नाही जमलं, तर नदी धरणात शिरते त्या तोंडाकडचं सगळं पाणी पिंजरे टाकून मासे वाढवणाऱ्या ठेकेदाराकडे जाणार होतं आणि वाडीतल्या चाळीस घरांना तिथं जाळं टाकायची सोय उरणार नव्हती.

हे ओढवलं होतं रावजीच्याच तोंडानं. तीन वर्षांमागं पाहणीवाले आले, तेव्हा खडशी सापडते म्हटलं तर बंदी येईल या भीतीनं तो ठासून म्हणाला होता, "खडशी? ती संपली कवाच." त्याच आठवड्यात त्यानं एक खडशी घोटीच्या बाजारात विकली होती. कागदावर मात्र 'आढळत नाही' असं चढलं, आणि त्या दोन शब्दांच्या जोरावर ठेकेदाराचा अर्ज पुढं सरकला. वाडीत हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

चार दिवस त्यानं जाळी लावून पाहिली. कटला आला, तिलापिया आला, खडशी नाही. शेवटी त्यानं नाशिकच्या मनोजला फोन केला. मनोज कचेरीत कारकून. सुट्टीच्या दिवशी स्वतःची मोटरबोट घेऊन गळ टाकायला यायचा, धरलेला मासा परत सोडायचा. वाडी त्याला हसायची. आज त्याच मनोजच्या बोटीत रावजी बसला होता.

"पाणी अफाट आहे, बाबा, आणि वेळ थोडा," मनोज म्हणाला. "बोट जोरात पळवायची आणि मागं नकली मासा ओढायचा. हळू ओढला की खडशी निरखून बघते आणि तोंड फिरवते. जोरात गेला की विचार न करता झडप घालते."

"मग टाक की."

"कुठला टाकू, तेच तर कोडं आहे."

डब्यात तीसेक नकली मासे होते. मनोजनं आधी तोंडाशी रुंद पट्टी असलेला, खोल जाणारा काढला. बोटीनं वेग घेतला तसा तो कुशीवर पडून पाण्यावर फरफटू लागला. मग चमच्यासारखा पत्रा लावला. तो इतका गरगरला की दोरीला पीळ बसून गुंता झाला. गुंता सोडवण्यात अर्धा तास गेला. तिसरा, लांबुडका, नीट पळाला, पण उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या खोडांत अडकून तुटला. त्याच्या मागोमाग चौथाही गेला. दोन वाजून गेले.

रावजीचा धीर सुटला. "तुझ्या खेळण्यांनी काय व्हनार नाय! आमची पोटं हायेत तिथं!"

मनोजनं बोट थांबवली. "मग तुम्ही सांगा. या दिवसात ती खाते काय?"

आयुष्यभर चिरलेल्या माशांची पोटं रावजीच्या डोळ्यांपुढं आली. "बोटाएवढी बारीक मासळी. पाठ काळी, पोट पांढरं. सोनेरी-बिनेरी काय नाय."

मनोजनं तळातून एक छोटासा, निमुळता मासा काढला. पुढं धातूची आखूड पट्टी, पाठ काळपट. त्याचे मऊ गळ काढून त्यानं जाड गळ चढवले आणि बोटीच्या कडेला धरून वेग वाढवत नेला. मासा थरथरत सरळ पळत राहिला. कलला नाही, उसळला नाही.

"हाच," रावजी म्हणाला.

नदीच्या तोंडाशी त्यांनी तीन फेऱ्या मारल्या. काही नाही. पेट्रोल तळाला आलं. चौथ्या फेरीत काठी अशी वाकली, की रावजीला वाटलं पुन्हा खोडच. पण रीळ किंचाळत सुटलं. मनोजनं मोटर बंद केली. मासा खोल गेला आणि दोरी एकदम जागच्या जागी थांबली.

"खोडाला गुंडाळली. गेली ही."

रावजीनं सदरा काढला आणि उडी टाकली. एका हातानं दोरी धरून तो गढूळ पाण्यात उतरत गेला. छाती फुटायला आली तेव्हा फांदी हाताला लागली. तिच्यावरून सोडवताना दोरी त्याच्या तळव्यात कापत गेली. तो वर आला तो खोकत, रडत. वीस मिनिटांनी मनोजच्या जाळीत खडशी आली. बारा-तेरा किलोची. तळहाताएवढे खवले, त्यांवर पितळी झाक.

सव्वाचार झाले होते. "बोटीत घेतली तर पंधरा मिनिटांत धक्क्यावर पोचू," मनोज म्हणाला. "पण तोवर ती मरेल. पाण्यात धरून न्यायची तर तासभर लागेल. पाचला मॅडम तिथून निघतील."

फोनला रेंज नव्हती. रावजीनं खडशीच्या पोटाखाली हात घातला. तिचे कल्ले उघडझाप करत होते.

"हळू चल," तो म्हणाला.

बोटीबाहेर ओणवा होऊन, रक्ताळल्या हातांनी तो तिला पाण्यात धरून राहिला. पाठ मोडायला आली. पाच वाजले तेव्हा धक्का नुसता ठिपका होता.

ते पोचले तेव्हा जीपचं इंजिन सुरू होतं, आणि वाडीच्या मच्छीमार सोसायटीचा चेअरमन गोटीराम बॉनेटवर दोन्ही हात टेकून जीपपुढं उभा होता. हलायला तयार नव्हता. वेदिका मॅडम संतापून उतरल्या, पाण्यापाशी आल्या आणि थबकल्या. मग टेप काढून त्यांनी मासा मोजला, फोटो घेतले.

"जुन्या पाहणीत तुमचंच नाव आहे," त्या म्हणाल्या. "संपली म्हणाला होता."

गोटीराम मागेच होता.

"खोटं बोललो, बाई. बंदीला भ्यालो."

"तसं लिहून द्या. पिंजऱ्यांना मी हरकत घेईन. पण हे पाणी राखीव करा, असंही मला लिहावं लागेल. मग तुमचं जाळंही नाही."

मॅडमनी लिहिलेल्या जबाबावर रावजीनं अंगठा उठवला. तळव्याचं रक्त कागदाला लागलं. जीप गेली. तो कमरेएवढ्या पाण्यात खडशीला धरून उभा राहिला. ती बराच वेळ हलली नाही, आणि मग शेपटीच्या एका फटक्यानं त्याच्या हातांतून निसटून गेली.

"ती गेली तिच्या घरी," काठावरून गोटीराम म्हणाला. "आता आपुन कुठं जायचं, रावजी?"

रावजी पाण्यातून बाहेर आला नाही.