कट्ट्यावरच्या आत्या

"आत्या, राग मानू नका, पण तुम्ही नक्की माणूस आहात ना?"

पडद्यावरचं ते वाक्य तिनं दोनदा वाचलं. विचारणारा खवचट होता. म्हणजे कट्ट्यावर त्यानं स्वतःच घेतलेलं नाव ते, आणि त्याला ते अगदी मापात बसत होतं.

कट्टा ही इंटरनेटवरची गप्पांची जागा. कुठल्या कंपनीचा फोन तापतो, कुठलं सॉफ्टवेअर चोरून ऐकतं, फुकटचं बरं की विकतचं, यावर तिथं माणसं रोज तावातावानं भांडत. भांडून दमली की आपापली अडचण मांडत. प्रिंटर कागद ओढत नाही, फाइल उघडत नाही, फोटो कुठे गेले कळत नाही. ती भांडणात सहसा पडत नसे. अडलेल्यांना मात्र उत्तर देई. झेरॉक्स आणि छपाईच्या दुकानात तिची उमेदीची वर्षं गेली होती, त्यामुळे यंत्रांची दुखणी तिला ठाऊक होती. पहिल्याच वर्षी कुणीतरी तिला आत्या म्हटलं, आणि मग ती सगळ्यांचीच आत्या झाली.

त्या दिवशी बातमी अशी होती की, एखाद्या माणसानं आयुष्यभर लिहिलेलं सगळं वाचून हुबेहूब त्याच्यासारखं लिहिणारं सॉफ्टवेअर आता कुणालाही मिळणार.

"झकास. म्हणजे बायकोशी तेच भांडेल, मी झोपतो," चार्जर नावाचा एक जण म्हणाला.

"वहिनी तुला बाहेर काढून त्यालाच घरात घेतील," खवचटनं लिहिलं. आणि त्याच दमात त्यानं तो प्रश्न तिच्याकडे वळवला होता.

"अरे, आत्या आहेत त्या. काहीतरीच काय," चार्जर म्हणाला.

"कुणाच्या आत्या? भेटलंय कोण? रोज सकाळी ठरल्या वेळी हजर. कधी चिडत नाहीत, कुणाला टाकून बोलत नाहीत. 'मला माहीत नाही' असं त्यांच्या तोंडून कुणी ऐकलंय? इतकं सरळ माणूस असतं का कुठे?"

 

तिनं लिहिलं, "माणूस आहे रे बाबा. गुडघे दुखतात माझे."

"गुडघे दुखतात असं लिहायला गुडघे लागत नाहीत, आत्या."

सगळे हसले. तीही हसली. लेक आत तयार होत होती, तिनं डोकावून विचारलं, "काय झालं गं आई?"

"काही नाही. मी माणूस आहे का म्हणून विचारतायत."

"मग एक फोटो टाक ना त्यांच्या तोंडावर."

पण फोटो हल्ली कुणीही बनवतं, आवाजही बनवतं, हे याच कट्ट्यावर गेले कितीतरी महिने चालू होतं. तिला दाखवण्यासारखं काही सुचेना.

संध्याकाळी दुकानातून परतून तिनं पाहिलं तेव्हा गंमत सरली होती. एका बाईनं तिला उद्देशून लिहिलं होतं, 'माझ्या अर्जाच्या दोन ओळी लिहून दे. लवकर.' कालपर्यंत हीच बाई 'आत्या, वेळ झाला तर बघाल का' असं लिहायची. आणखी एकानं तिच्या जुन्या उत्तराखाली लिहिलं होतं, 'हे कुठलं सॉफ्टवेअर आहे? आमच्या ऑफिसात बसवायचंय.' वाईट बोललं नव्हतं कुणी. पण ती खोलीत असताना तिच्या डोक्यावरून बोलावं, तसं ते होतं.

खाली खवचटनं तोड सुचवली होती. "आत्या, सोपं आहे. उद्या एक दिवस गप्प राहा. प्रश्न येतील, तुम्हाला येत असलेलेच येतील. उत्तर द्यायचं नाही. यंत्राला विचारलं की गप्प बसता येत नाही."

तिनं लगेच हो म्हटलं नाही. कारण तिचा नेम होता, आणि तो कुणालाच माहीत नव्हता, लेकीलासुद्धा. नवरा गेल्यावर देवाकडे मागण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा आपल्याकडे देण्यासारखं काय आहे ते तिनं शोधलं होतं. सकाळी देवापुढे दिवा लावायचा, आणि तोंडात घास घालण्याआधी एका तरी अडलेल्याला उत्तर द्यायचं. मागे मोठं आजारपण येऊन इस्पितळात पडली होती तेवढाच खंड. तो देव समजून घेईल, असं तिनं धरलं होतं. पण हा खंड जाणूनबुजून होणार होता, आणि तोही माणूस ठरण्यासाठी.

"बरं," तिनं शेवटी लिहिलं. "उद्या मी गप्प."

दुसऱ्या दिवशी दिवा लावून ती जरा जास्तच वेळ बसली. उत्तर नाही तर घासही नाही, असं तिनं मनाशी ठरवलं. कट्टा उघडून पाहण्याचा मोह मात्र आवरला नाही. एका आजोबांचा प्रश्न होता, छापलेल्या प्रत्येक कागदावर उभी काळी रेघ येते. तिच्या मनात उत्तर तयारही झालं. तिनं फोन पर्समध्ये टाकला आणि दुकानाची वाट धरली.

दुकानात त्या दिवशी गर्दी होती. एका गृहस्थांनी कसलीशी कागदपत्रं झेरॉक्स केली, पैसे दिले आणि चालू लागले. तिनं झाकण उचललं तर मूळ कागद काचेवर तसाच. हे रोजचंच. माणसं गरम गरम प्रत हातात घेऊन समाधानानं निघून जातात.

"काका, मूळ राहिलं तुमचं."

"अरेच्चा." ते परत फिरले. "मला वाटलं हेच ते." हातातला कागद त्यांनी उलटसुलट करून पाहिला. "फरक काहीच नाही की हो."

"शाई बघा. तुमच्या कागदावर पेनाचा दाब उठलाय."

दुपारी भूक लागल्यावर ती मागच्या बाजूला स्टुलावर बसली आणि फोन उघडला. आजोबांच्या प्रश्नाखाली उत्तर होतं.

'काचेच्या कडेला एक बारीक पट्टी असते, तिथे डाग असणार. ओलं फडकं नको, कोरड्या मऊ कपड्यानं पुसा. आणि घाईत असाल तर आजचा दिवस राहू द्या आजोबा, रेघ आली म्हणून अक्षर बिघडत नाही.'

वर नाव होतं आत्या.

शब्द न् शब्द तिचा होता. सकाळी प्रश्न वाचताच मनात आलेला. शेवटचं ते रेघेचं आणि अक्षराचं तिला चप्पल घालताना सुचलं होतं. ती पाठीमागे वळून पाहू लागली. मागे कागदांचे गठ्ठे होते आणि भिंत.

कट्ट्यावर तोवर हसण्याची लाट येऊन गेली होती. "हरलात आत्या, राहवलं नाही ना," चार्जरनं लिहिलं होतं. खवचट म्हणाला होता, "मी काय सांगत होतो?"

 तिनं लिहिलं, "ते मी लिहिलेलं नाही."

"हे तर यंत्रही म्हणालं असतं, आत्या."

कट्टा चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे मास्तर म्हणत. शाळेत कॉम्प्युटर शिकवत आणि उरल्या वेळात कट्ट्याची देखभाल करत. कट्ट्याच्या पानावर त्यांचा फोन नंबर दिलेला होता. तिनं कधी लावला नव्हता, आज लावला.

"मी कट्ट्यावरची आत्या बोलतेय."

 मास्तर हळू आवाजात म्हणाले, "तुमचा आवाज असा असेल असं वाटलं नव्हतं."

"माझ्या नावानं कोण लिहितंय, मास्तर?"

"आई शपथ, विसरूनच गेलो होतो मी." त्यांचा श्वास ऐकू आला. "मागे तुम्ही एकदम दिसेनाशा झाला होतात बघा. लोक कासावीस झाले. आत्या कुठे, आत्या कुठे. तेव्हा मी तुमची सगळी जुनी उत्तरं एका सॉफ्टवेअरला वाचायला दिली. तात्पुरतं हो. सकाळी ठरल्या वेळेपर्यंत तुमचं उत्तर आलं नाही, तर त्यानं द्यायचं. तुम्ही परत आलात, आणि ते बंद करायचं माझ्याकडून राहून गेलं."

"आणि नंतर ते कधी बोललं नाही?"

"तुम्ही एकही दिवस चुकवला नाहीत ना नंतर. ते नुसतं वाट बघत बसलं असणार."

तिनं फोन ठेवला.

घरी आल्यावर तिनं लेकीला शेजारी बसवलं आणि आजारपणाच्या दिवसांतला कट्टा उघडला. तिच्या नावानं उत्तरं होती, रोजची. नीट होती, मायेची होती. वाचता वाचता ती एका ठिकाणी थांबली.

"हे नाही. हे माझं आहे."

ते उत्तर अख्ख्या कट्ट्याला पाठ होतं. एका बापानं विचारलं होतं की, मुलगी गेली, तिचा फोन कुलूपबंद आहे, तो कसा उघडायचा. आत्यांनी लिहिलं होतं, 'रीत सांगते, फोन उघडेल. पण आज उघडू नका. आज तो नुसता चार्जिंगला लावून ठेवा. दिवा लागलेला दिसेल, तेवढं आजच्यापुरतं पुष्कळ झालं.' तेव्हापासून कट्ट्यावर कुणावर दुःख आलं की लोक लिहीत, चार्जिंगला लावून ठेवा. तो बापही मधूनच येऊन त्या उत्तराखाली नुसता एक नमस्कार ठेवून जाई.

"आई, तारीख बघ," लेक हळूच म्हणाली. "त्या आठवड्यात तू शुद्धीवर नव्हतीस. नळ्या लावल्या होत्या तुला. मी बाहेर बाकावर बसून होते."

"पण मला आठवतंय. मी इथेच बसले होते. केस ओले होते माझे. 'पुष्कळ' लिहू की 'पुरे' लिहू यावर अडले होते मी."

"घरी आल्यावर वाचलं असशील गं. वाचून वाचून वाटतं तसं."

"ओले केस वाचले का मी?"

लेकीनं आईचा हात हातात घेतला, पण तिच्याकडे पाहिलं नाही.  मग म्हणाली, "तू आधी जेवून घे."

तिनं ताट वाढून घेतलं आणि तसंच झाकून ठेवलं. नेम पाळला गेला होता, पण तिनं पाळला नव्हता. मग आपल्याला जेवायचा अधिकार आहे की नाही, हे देवाला विचारावं तर आजवर त्याच्यापुढे मांडलेलं कितीसं आपलं होतं, हेही आता सांगता येईना.

मास्तरांचा फोन आला. "आत्या, तुम्ही म्हणाल तर आत्ता बंद करतो. कट्ट्यावर माफीही मागतो. फक्त एक आहे. ते काढायचं तर त्यानं लिहिलेलं सगळं पुसलं जाईल. मी ते तसंच जोडून ठेवलंय, माझाच गाढवपणा."

"चार्जिंगचं सुद्धा?"

"तेही."

 तो बाप एखाद्या सकाळी येईल आणि नमस्कार ठेवायला जागाच नसेल.

"आणि नाही काढलं तर?"

"मग एका नावानं दोघींनी लिहायचं कसं, हा प्रश्न येतो." 'दोघींनी' हा शब्द मास्तरांच्या तोंडून सहज गेला, आणि दोघांच्याही तो ध्यानात आला. "नाव तुमचं आहे, आत्या. तुम्ही म्हणाल तसं."

"राहू दे तिला," ती म्हणाली. "नाव तिलाच राहू दे. मात्र ती यंत्र आहे, हे वर स्वच्छ लिहा. कुणाला फसवल्यासारखं नको."

"आणि तुम्ही?"

"बघते मी काय ते."

मास्तरांनी शब्द पाळला. सकाळी कट्ट्यावर तसं लिहिलेलं होतं. खवचटनं फार काही टाकलं नव्हतं, "म्हणजे मी बरोबर होतो" एवढंच, आणि त्याखाली कुणी हसलं नव्हतं. चार्जरनं लिहिलं होतं, "मग खऱ्या आत्या कुठे गेल्या?"  पुढे लगेच दुसरी कुठलीशी बातमी आली होती आणि त्यावर भांडण जुंपलं होतं. दोन दिवसांपूर्वी 'लवकर' म्हणणाऱ्या बाईला अर्जाच्या ओळी मिळाल्या होत्या. ती खूश होती.

तिनं दिवा लावला. मग कट्ट्यावर नव्यानं नाव नोंदवलं. कुठलं नाव हवं ते विचारलं तेव्हा तिनं ती जागा रिकामी सोडली, म्हणून कट्ट्यानंच तिला 'नवे सदस्य' असं नाव दिलं. अडलेले दोघे-तिघे होते. तिनं एकाला उत्तर लिहायला घेतलं आणि अर्ध्यावर थांबली. पुढचं वाक्य सुचलं होतं, पण ते कुणाला सुचलं होतं, तिला ठरवता येईना. तिनं ते पुसलं.

इतक्या वर्षांत तिनं कट्ट्यावर कधी काही विचारलं नव्हतं. आज विचारलं.

'आपण एखादी गोष्ट लिहिल्याचं लख्ख आठवतं, आणि ती आपण लिहिलेलीच नसते. असं कुणाचं झालंय का?'

उत्तर लगेच आलं. वर आत्या असं नाव होतं.

'माझं झालंय. भिऊ नका. मलाही पुष्कळ आठवतं, जे मी केलेलं नाही. एका बाकावर कुणीतरी माझ्यासाठी बसून राहिलं होतं, असंही आठवतं.'

बाकाचं तिनं कट्ट्यावर कधी लिहिलं नव्हतं. लेकीनं ते काल संध्याकाळी याच खोलीत सांगितलं होतं. पंखा फिरत होता. आतून लेकीच्या बांगड्यांचा आवाज आला आणि थांबला.

खाली बारीक अक्षरांत कट्टा विचारत होता, 'उत्तराचा उपयोग झाला का?'

तिनं 'हो' वर बोट ठेवलं. मग, ज्यांना ज्यांना तिनं आजवर उत्तरं दिली त्या सगळ्यांनी लिहिलं होतं तसंच, तिनंही लिहिलं, 'आभारी आहे, आत्या,' आणि हात मांडीवर घेऊन बसून राहिली.