जिन्यातलं जिरेनियम

कुंडी पोटाशी धरून मी बागप्रदर्शनाच्या रांगेत उभी होते. पुढची बाई वळून म्हणाली, "स्पर्धेत ठेवणार का?" झाडाची पानं पिवळी, देठ काळपट, मान टाकलेली. मी म्हटलं, "हो, मरायला टेकलेल्यांच्या गटात." बाईने झटकन तोंड फिरवलं. रिटायर झाल्यापासून माझं हे असं होतं. बोलायला कोणी मिळालं की साठलेलं सगळं त्याच्याच अंगावर जातं.

कुंडी तशी माझी नाही. आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर मी राहते आणि दुसऱ्यावर एक निवृत्त बसड्रायव्हर. मधल्या जिन्याच्या वळणावर, खिडकीखाली, आधीचे कोणी भाडेकरू हे लाल फुलांचं जिरेनियम सोडून गेले. ड्रायव्हरसाहेब भेटले की ते मान हलवतात, मी मान हलवते, संपलं. भाऊ कधीतरी फोन करतो, तोही चुकून लागल्यासारखा. आयुष्यभर वॉर्डात सिस्टर म्हणून राबले. घोटभर चहा घ्यायला बसले तरी तीन बाजूंनी हाका यायच्या. तेव्हा वैताग यायचा. आता सकाळी उठायला कारण शोधावं लागतं.

संध्याकाळी जिन्यातल्या कुंडीला तांब्याभर पाणी घालायचं, हे एक कारण होतं. तेच झाड डोळ्यांदेखत चाललं होतं. ते गेलं असतं, तर माझ्यावाचून अडणारं असं जगात काहीच उरलं नसतं. हे मी कोणाला बोलले नाही. बोलणार तरी कोणाला?

प्रदर्शन वस्तीतल्याच लोकांनी शाळेच्या हॉलमध्ये भरवलं होतं. गळक्या बादलीत टोमॅटो, फाटक्या बुटात कसलंसं निवडुंग, बाळाच्या जुन्या टबात पालेभाजी. एकाने तर खिडकीच्या गजांना दुधाच्या पिशव्या टांगून त्यात पुदिना लावला होता. मी तिथे थबकले. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीला अगदी तसेच गज आहेत, आणि त्यांच्यावर मी आजवर फक्त फडकं वाळत घातलंय.

"सोपं आहे, करून बघा," पुदिनावाला म्हणाला.

"एकटीला असा किती पुदिना लागतो?" असं म्हणून मी पुढे निघाले, पण नजर मागेच राहिली.

कोपऱ्यात एका टेबलावर 'झाडांचा दवाखाना' अशी पाटी होती. मी त्यासाठीच आले होते. तिथल्या बाईंनी चष्मा कपाळावर ढकलला आणि विचारलं, "पाणी कोण घालतं?"

"मीच. रोज संध्याकाळी, तांब्याभर."

त्यांनी कुंडी उपडी करून माती टेबलावर घेतली. मुळं तपकिरी, लिबलिबीत झाली होती आणि कुबट वास येत होता. "एका तांब्याने मुळं इतकी सडत नाहीत. खरं काय ते सांगा."

माझं डोकंच फिरलं. "बाई, मी जन्मभर थेंब मोजून सलाईन लावलीत. पाणी किती द्यायचं ते मला नका शिकवू."

तेवढ्यात मागून घोगरा आवाज आला. "सिस्टर, ही कुंडी इथे कशी?"

मागे ड्रायव्हरसाहेब. इस्त्रीचा शर्ट, हातात रिकामी पिशवी. मी सिस्टर होते हे त्यांना ठाऊक असेल, असं मला वाटलंच नव्हतं. सकाळी जिन्यात कुंडी दिसली नाही, तेव्हा झाड मेलं म्हणून कोणी टाकून दिलं असणार, असं समजून ते तसंच दुसरं शोधायला आले होते.

"तुमचा काय संबंध?" मी म्हटलं.

"मी पाणी घालतो की त्याला. रोज पहाटे. गाडी काढायच्या आधी रेडिएटरमध्ये पाणी घालायचो ना, ती सवय काही जात नाही. म्हटलं, बिचाऱ्याला कोणी विचारत नाही."

बिचाऱ्याला कोणी विचारत नाही. मीही पाणी घालताना अगदी हेच म्हणायचे.

दवाखान्याच्या बाई हसत सुटल्या. "दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. तुमचा पाहुणा तर जेवून जेवून मेला की हो!"

मला हसू आलं नाही. वॉर्डात पाळी बदलताना चार्ज द्यावा लागतो. कोणाला काय दिलं, कोणाला काय द्यायचं नाही, हे पुढच्या सिस्टरच्या कानावर घातल्याशिवाय मी कधी घरी गेले नाही. नाहीतर औषध दोनदा जातं आणि माणूस हातचा जातो. आणि इथे आम्ही दोघं एकाच पेशंटला मुकाट्याने दुप्पट डोस देत होतो. आमच्यात सांगण्याबोलण्याची रीतच नव्हती.

बाईंनी सडलेलं सगळं कापून टाकलं. एकच हिरवी फांदी उरली. ती त्यांनी जेमतेम ओलसर मातीत खोचली. "धरली तर धरली. माती आतपर्यंत कोरडी लागल्याशिवाय एक थेंबही नाही. बोट घालून बघायचं."

"ऐकलंत?" मी ड्रायव्हरसाहेबांवर डाफरले. "यापुढे चार्ज दिल्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही. घातलंत तर दार वाजवून मला सांगायचं."

"बरं, सिस्टर." ते खालमानेने म्हणाले आणि कुंडी त्यांनीच उचलली. निघताना मी पुदिनावाल्याकडून चार काड्या मागून घेतल्या. घरी येऊन खिडकीच्या गजांना पिशव्या टांगताना दोनदा स्टुलावरून पडता पडता वाचले, तेव्हा स्वतःलाच शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. मला वाटलं, शेजारचं असेल. मग पुन्हा वाजलं.

दारात ड्रायव्हरसाहेब ताठ उभे होते. "सिस्टर, चार्ज द्यायला आलोय. आज पाणी घातलेलं नाही."

"घातलं नाही, तर सांगायला कशाला आलात?"

ते गोंधळले. "घातलं नाही, तेच सांगायला."

मी चपला सरकवल्या. दोघं जिन्याच्या वळणावर गेलो. मी मातीत बोट खुपसलं. माती आतून अजून ओलसरच होती. मला इतकं बरं वाटलं, की मी बोट जरा वेळ तसंच ठेवलं. म्हणजे उद्याही पाणी घालायचं नव्हतं, आणि ते सांगायला त्यांना यावंच लागणार होतं.