अख्खा दाणा

“गुरुजी, ह्या अक्षता चालत्याल का?”

कडूबाईने सूप पुढे केले. रेशनवरचा तांबडा मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, त्यातला अर्धा चुराच, वर कुंकवाचा हात फिरवलेला. दोन दिवसांनी तिच्या लेकीचे, विजयमालाचे, लग्न होते.

सहादेव गुरुजींना शब्दाचा अर्थ सहसा कुणी विचारत नसे. न विचारताच ते बोलून गेले, “क्षत म्हणजे मोडलेलं. अक्षत म्हणजे अख्खं. संसार अभंग राहावा म्हणून अख्खा दाणा टाकायचा.”

“तरीच. माझ्या लग्नात चुराच टाकला आसंल.” कडूबाई हसली. तिचा नवरा तीन वर्षांपूर्वी कोपरगावकडे ऊसतोडीला गेला, तो परतला नव्हता.

हा नुसता पुस्तकातला अर्थ आहे, असे गुरुजींना म्हणायचे होते. तोवर ती सूप उचलून निघाली होती.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना त्यांनी पाहिले, कडूबाईने मडके पालथे केले होते. शेरभर पांढरा जोंधळा. दुष्काळी कामावर खडी फोडून चिरलेल्या, चिंध्या बांधलेल्या बोटांनी ती एकेक दाणा निवडत होती.

“बियाणं ना ते?”

“व्हय. मिरगाला ठिवलं हुतं. पन अख्खं हाय.”

दाण्यांनी काही होत नसतं, एवढेच सांगायचे होते. गुरुजी म्हणाले, “ऊन फार आहे,” आणि पुढे गेले.

त्र्याहत्तरच्या वैशाखातल्या भर दुपारी, मारुतीच्या पारापुढे लग्न लागले. प्रत्येक मंगलाष्टकाला कुंकू लावलेले जोंधळ्याचे लाल दाणे उडत होते, धुळीत पडत होते, पायांखाली जात होते. गुरुजींची मूठ मात्र मिटलेलीच राहिली.

नवरीची गाडी हलल्यावर त्यांनी कडूबाईपुढे मूठ उघडली. “एवढे तरी वाचले.”

ती तळव्याकडे बघत राहिली. “टाकल्या न्हाई तुमी?”

“बियाणं म्हणून...”

“माझ्या लेकीच्या डोक्यावरच्या हुत्या त्या, गुरुजी.”

धोतराचा सोगा धरून म्हातारे गुरुजी गाडीमागे धावले. गाडी वळणावर पोचली होती. त्यांनी मूठ फेकली. दाणे चार हातांवर, चाकोरीत पडले.

ते धापा टाकत परत आले तेव्हा पारापुढे दुसरे कुणी उरले नव्हते. कडूबाई धुळीत बसून दाणे वेचत होती. पेरायला अख्खे पदरात, संध्याकाळी शिजवायला मोडलेले सुपात.

गुरुजी समोर उकिडवे बसले. हाती येणारा प्रत्येक दाणा ते आधी तिला दाखवत होते.