'पास' चिठ्ठीचा भाव

मीटिंग चटकन आटोपली. खरं तर तिथेच तिला शंका यायला हवी होती, पण तिला हायसं वाटलं. गोदीतल्या दुरुस्त केलेल्या क्रेनची आज पूर्ण भार उचलून चाचणी होती. प्रमुख म्हणून तीच आधी बोलली, "क्रेन तयार आहे. कुणाला काही म्हणायचंय?" फोरमनकाकांनी मान डोलावली आणि पाठोपाठ सगळ्यांनी डोलावल्या. त्यात क्रेन चालवणारा तिचा धाकटा भाऊही होता. याला ती चर्चा म्हणायची, धन्य तिची!

कँटीनचा कारभार वेगळा. प्रत्येक चाचणीआधी तिथे 'पास' लिहिलेल्या चिठ्ठ्यांची खरेदी-विक्री चाले. क्रेन पास झाली तर चिठ्ठीमागे पाच चहा, नाहीतर ठणठण गोपाळ. चिठ्ठी घ्यायची चहाच्या कुपनांवर, आणि भाव ठरे घासाघीस करून. ती या उद्योगाकडे कानाडोळा करी. एरवी चार कुपनांखाली चिठ्ठी मिळत नसे.

आज मीटिंगनंतर ती तिथे डोकावली, तर कँटीनवाला चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन माशा मारत बसला होता.

"एका कुपनाला देतोय मॅडम, तरी कुणी हात लावत नाही."

तिने गठ्ठ्यातली वरची चिठ्ठी उचलून पाहिली. "सकाळी काय भाव होता?"

"चारच. मग एकाने आपल्या सगळ्या विकायला काढल्या. त्याला बघून बाकीचेही लागले विकायला."

"कोण तो?"

तो उगाच टेबल पुसत राहिला. "तुमच्याच घरातला, मॅडम."

ती धावतच क्रेनपाशी पोहोचली. भाऊ शिडीच्या पहिल्या पायऱ्या चढला होता.

"उतर खाली. काका, चाचणी रद्द."

काकांनी का म्हणून विचारलंसुद्धा नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. भाऊ खाली उतरला.

"काय बिघडलंय?" तिने विचारलं.

"ब्रेक. भार अधांतरी धरला की हळूहळू घसरतो. काल अर्ध्या भारालाच जाणवलं."

"मग मीटिंगमध्ये मूग गिळून का बसलास?"

"तू आधीच तयार आहे म्हणून सांगून टाकलंस, ताई. वर चारचौघांत तुला तोंडघशी पाडू?"

"आणि तरी चढत होतास?" तिचा आवाज फाटला.

त्याने हेल्मेट काढून कपाळ पुसलं. "मी नाही म्हटलं असतं, तर तू दुसऱ्या कुणाला तरी चढवलं असतंस."

तिने नाही म्हणायला तोंड उघडलं. पण तिने चढवलं असतं, आणि ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.